दुसऱ्याच्या ओळीला हात लावताना

अनेक आशीर्वाद.

कविता, संपादन आणि प्राध्यापकी हे तिन्ही एका माणसाला झेपतं का, असं विचारलंस. झेपतं, पण आधी पोटाचं बघ. प्राध्यापकीसाठी लागणाऱ्या नेट-सेट या पात्रता परीक्षा काढून ठेव. तासिका तत्त्वावर लागलीस तर मानधन दर महिन्याला येईल असं धरून चालू नकोस. नोकरीनं कविता मरते म्हणणाऱ्यांना परभणीचे बी. रघुनाथ दाखव. निजामाच्या राजवटीत बांधकाम खात्यात कारकुनी करून त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. १९५३ मध्ये जेमतेम चाळिशीत गेले, पण मागे केवढं ठेवून!

संपादनाचा धडा मात्र आपल्याला पैठणहूनच घ्यावा लागतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. नकला करता करता शिरलेले अपपाठ काढले. आणि यापुढे यात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, ठेवील, असं बजावलं. नाथांना ओवी सुचत नव्हती थोडीच! सुचत असूनही घातली नाही, म्हणून ते संपादक.

तू कवी आहेस, तेव्हा दुसऱ्याची अडखळती ओळ दिसली की तुझे हात शिवशिवणार. पेन्सिल घे, समासात प्रश्नचिन्ह कर आणि कवीला फोन लाव. ह्रस्व-दीर्घ खुशाल सुधार, पण जिंतूरकडच्या पोराच्या बोलीला पुण्याची इस्त्री करू नकोस. मुद्रितं स्वतः वाच. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार हमखास बिघडतो, आणि पान संपतं तिथं दोन कडव्यांमधली मोकळी ओळ गायब होते. वाचकाला वाटतं, कवीलाच कळलं नाही. उरलेल्या जागेत पानपूरक म्हणून कविता कोंबायची आपल्याकडची सवय तर मला अजिबात खपत नाही. आणि आपल्या अंकात आपली कविता छापायची नाही, हे ओघानं आलंच.

वर्गात मुलं नोट्स मागतील. द्याव्या लागतील, परीक्षा त्यांनाच द्यायची आहे. पण अर्थ सांगण्याआधी कविता दोनदा मोठ्यानं वाच, दुसऱ्यांदा एखाद्या मुलीकडून वाचून घे. आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून आणायला सांग. कवितेला नाक मुरडणारी पोरंसुद्धा वह्या भरून आणतात. तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलाला त्याच्या गोरमाटी बोलीतलं गाणं म्हणू दे. अभ्यासक्रम कुठं पळून जात नाही.

स्वखर्चानं संग्रह काढायची घाई नको. आधी मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकांकडे कविता पाठव. परत आल्या तर रुसू नकोस.

तुझ्या कविता सोबत परत पाठवतोय. विहिरीच्या कवितेतलं शेवटचं कडवं मला जास्तीचं वाटतं. खूण केली आहे, खोडलेलं नाही. पटलं तर काढ, नाहीतर राहू दे.

तुझा,
सर