नव्या उद्योजकासाठी: आधी चार-पाच माणसे जोडा

नवा व्यवसाय चालवताना तुम्हाला जाणवणारा एकटेपणा खरा आहे. पगाराची तारीख जवळ आली आणि येणी अडकली की ती चिंता ना कामगारांपुढे मांडता येते, ना घरी पुरती समजावता येते. सुरुवातीला एवढेच करा: तुमच्याशी स्पर्धा नसलेल्या व्यवसायांतील चार-पाच मालक निवडा, महिन्यातून एकदा दादरसारख्या सर्वांना लोकलने सोयीच्या ठिकाणी भेटा आणि तिथले बोलणे बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरवा. अशी माणसे शोधण्यासाठी १९२७ पासून कार्यरत असलेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्ससारख्या संस्थेत अवश्य जा.

नवखे उद्योजक दोन चुका हमखास करतात:

- मेळाव्यांत केवळ व्हिजिटिंग कार्डे गोळा करत फिरणे.
- अडचण आल्यावरच फोन करणे. ही चूक अधिक महाग पडते, कारण ज्याच्या कठीण काळात आपण सोबत नव्हतो, तो आपल्याला स्पष्ट सल्ला देण्यास कचरतो.

अनुभवी लोकांचे औपचारिक सल्लागार मंडळ नेमण्याचा विचार नंतर करू.