रिजनरेटिव्ह केसमध्ये शेवटी ईडीटीएच का?

तुमचा प्रश्न असा की मुळाचं टोक उघडं असलेल्या मृत दातात रिजनरेटिव्ह उपचार (कॅनॉलमध्ये नवी ऊती वाढवण्याचा उपचार) करताना, नेहमीच्या सवयीने ईडीटीएनंतर (कॅल्शियम ओढून घेणाऱ्या द्रावणानंतर) पुन्हा हायपोक्लोराइट, म्हणजे जंतुनाशक द्रावण, वापरलं गेलं, तर फरक पडतो का? पडतो, आणि या उपचारात तो नेमका वर्मावर पडतो.

एरवीच्या रूट कॅनॉलमध्ये डेंटिन, म्हणजे कॅनॉलभोवतीचा दाताचा कठीण थर, ही फक्त स्वच्छ करायची भिंत. इथे त्या भिंतीतूनच आपल्याला काहीतरी मिळवायचंय. दात घडताना टीजीएफ-बीटा १, बीएमपी-२, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारे घटक) डेंटिनमध्ये अडकून पडतात. वजनाने डेंटिन सुमारे ७० टक्के खनिज आहे. ईडीटीए त्यातलं कॅल्शियम ओढून घेतं. स्मिअर लेयर (भिंतीवर बसलेला भुग्याचा थर) निघते, कोलॅजन उघडं पडतं. काही फॅक्टर सुटून येतात, काही त्या उघड्या पृष्ठभागावरच राहतात, जिथे पुढे पेशी चिकटायच्या असतात. आता यावर हायपोक्लोराइट सोडलं की काय होईल? ते प्रथिनं विरघळवतं, आणि ग्रोथ फॅक्टर ही प्रथिनंच. शिवाय तीव्र हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनवर मूळपेशी नीट तगत नाहीत.

म्हणून पहिल्या भेटीत १.५ टक्के हायपोक्लोराइट, कॅनॉलमागे २० मिली, ५ मिनिटं, सुई टोकाच्या १ मिमी अलीकडे. दुसऱ्या भेटीत हायपोक्लोराइटला हातच लावायचा नाही. दोन भेटींच्या मधे कॅनॉलमध्ये ठेवलेलं औषध धुऊन काढायचं तेही १७ टक्के ईडीटीएनेच, आणि घाई न करता. क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक इथे नकोच, ते या पेशींना मारक आहे.

ईडीटीएनंतर मी सलाईनने धुतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं आणि ईडीटीए तेच धरून ठेवतं. मग पेपर पॉइंटने कॅनॉल कोरडा करायचा, आणि आत मुद्दाम रक्त आणून त्याची गुठळी होऊ देण्यासाठी टोक वाकवलेली के फाईल (कॅनॉलमध्ये फिरवायची बारीक सुई) मुळाच्या २ मिमी पलीकडे. आधी तळाशी लाल ठिपका दिसतो, मग रक्त भिंतीच्या कडेकडेने चढतं. सुरुवातीच्या एका केसमध्ये मी अ‍ॅड्रेनॅलिन असलेली भूल दिली होती. कितीही फाईल फिरवली तरी कॅनॉल कोरडाच. तेव्हापासून ३ टक्के मेपिव्हाकेन, अ‍ॅड्रेनॅलिनशिवाय.

(ईडीटीए दंतोपचारात आणणारे नायगार्ड-ऑस्टबी, आणि १९६१ मध्ये कॅनॉलमधल्या रक्ताच्या गुठळीवर काम करणारेही तेच. दोन्ही धागे इतक्या वर्षांनी एकाच कॅनॉलमध्ये भेटलेत, याचं मला फार अप्रूप वाटतं.)

डेंटिनची ही तयारी अचूक झाली तरी आत खरा पल्प (दाताचा जिवंत गर) तयार होईलच असं पालकांना सांगू नका. ऊती तपासल्या तेव्हा बहुतेक वेळा सिमेंटमसारखी (मुळावरच्या कठीण आवरणासारखी) किंवा हाडासारखी ऊतीच सापडली आहे.

तुमचा तो दात आता परत उघडू नका. दुखणं, सूज किंवा सायनस ट्रॅक्ट (हिरडीवर पू वाहणारं छिद्र) नसेल तर ६ महिन्यांनी एक्स-रे घ्या. टोकाची काळी सावली ६ ते १२ महिन्यांत भरत येते. मुळाची भिंत जाड होताना दिसायला १२ ते २४ महिने लागतात, तेव्हा पहिल्याच एक्स-रेत ती शोधू नका.