नुसती डोकी मोजू नकोस

ऑर्थो म्हणजे हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून पहिल्या आठवड्यात रुग्णांच्या संख्येचं दडपण येणं साहजिक आहे. कॅलिफोर्नियात 2005 पासून मेडिकल-सर्जिकल (औषधोपचार आणि शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या) वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त 5 रुग्ण, असा नियम आहे. पण ऑर्थोमध्ये आकडा पुरत नाही. आजच खुबा बदललेले दोघे आणि उद्या घरी जाणारे दोघे, हा भार सारखा नसतो. हँडओव्हरलाच, म्हणजे आधीच्या शिफ्टकडून रुग्ण ताब्यात घेतानाच विचार: आज ऑपरेशन कुणाचं झालं, कुशीवर वळवायला दोघी कुणाला लागतात, रात्री कोण गोंधळतं?

नवख्यांच्या चुका दोन:
- रुग्णाला एकटीने उभं करणं. थांब, हाक मार.
- घाईत प्लास्टरबाहेरची बोटं न तपासणं. रंग, ऊब, संवेदना, हालचाल बघ. औषध देऊनही वेदना वाढत असेल तर डॉक्टरांना लगेच बोलव.

आणि झेपत नसेल तर इन्चार्ज सिस्टरना शिफ्टच्या सुरुवातीलाच सांग.