अँटेना नंतर घे, आधी लायसन्सची फाईल कोणाच्या नावावर आहे ते बघ

तुझी पोस्ट वाचली आणि मला माझं फायनल इयर आठवलं. तू लिहिलंयस की देवगडकडच्या कॉलेजात सेकंड इयरला आहेस, विद्यार्थ्यांच्या छोट्या उपग्रहासाठी गच्चीवर ग्राउंड स्टेशन (उपग्रहाशी बोलायचं रेडिओ केंद्र) उभारताय, यागी (आडव्या काड्यांची अँटेना) कुठली घ्यावी, आणि जाता जाता लिहिलंयस की लायसन्सचं 'एक फायनल इयरचा दादा बघतोय'. यागीचं इथले बाकीचे सांगतीलच. मी त्या दादापाशी अडकले, कारण आमच्याकडे ते सगळं बघणारी ताई मी होते.

रत्नागिरीजवळ इलेक्ट्रॉनिक्सला होते तेव्हा आम्हीही दुसऱ्या कॉलेजच्या उपग्रहासाठी असंच स्टेशन बांधत होतो. हॅमची, म्हणजे हौशी रेडिओच्या लायसन्सची, परीक्षा मी पास झालेली, धावपळ मीच करायचे, म्हणून स्टेशनचा अर्जही माझ्याच नावाने केला आणि पत्ता दिला हॉस्टेलचा. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, सरांनाही नाही. मे महिन्यात त्रुटीचं पत्र आलं. हॉस्टेल रिकामं, वॉचमनकाकांनी ते जपून रेक्टरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि मला मिळालं ते गणपतीत, मार्कशीट न्यायला गेले तेव्हा. मुदत संपलेली, फाईल बंद.

तोवर मी पुण्यात नोकरीला लागलेले. मग लायसन्सच्या ऑफिसात (नाव घेत नाही) रात्रीच्या एसटीने जाऊन तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले, स्टेशन कॉलेजात आणि तुम्ही तर कॉलेजच्या नाहीच, मग तुमचा संबंध काय? दुसऱ्यांदा प्राचार्यांचं पत्र नेलं, तर ते प्राचार्य त्याच महिन्यात रिटायर झालेले, नव्या सहीचं आणा. तिसऱ्यांदा साहेब रजेवर. प्रश्न चुकीचे नव्हते, पण काय काय लागेल ते पहिल्याच दिवशी अर्ध्या कागदावर लिहून दिलं असतं तर काय बिघडलं असतं? मी रजा टाकून यायचे हो, बिनपगारी.

उपग्रह वर गेला. एका पहाटेच्या पासला (उपग्रह आपल्या आकाशातून जातो ती वेळ) आमच्या स्टेशनवरून कमांड पाठवायची असं आधी ठरलेलं, म्हणून मी मुद्दाम गावी आले होते. बीकनचा, म्हणजे उपग्रह स्वतःहून पाठवत राहतो त्या सिग्नलचा, मोर्स एकदम स्वच्छ आला, अकरा मिनिटं, ज्युनिअर पोरं श्वास रोखून ऐकत बसलेली, आणि ट्रान्समीटर शेजारीच खोक्यात पॅक. परवानगी नाही तर हात लावायचा नाही. ते खोकं मला अजून दिसतं.

आणि हे फक्त आमचं नाही. आयआयटी मुंबईचा 'प्रथम' २००७ ला सुरू झाला आणि पीएसएलव्हीवरून गेला सप्टेंबर २०१६ ला. पुण्याच्या सीओईपीचा 'स्वयम्' जेमतेम एक किलोचा, तोही २००८ ते जून २०१६. इंजिनिअरिंग चार वर्षांचं! म्हणजे सुरू करणारी मुलं उडवायला कॉलेजात नसतातच. जे काही मुलांच्या नावावर आहे, लायसन्स, ईमेलचा पासवर्ड, सामानाची बिलं, ते सगळं त्यांच्याबरोबर निघून जातं. म्हणून अर्ज कॉलेजच्या नावाने क्लब स्टेशन म्हणून करा, पत्ता कॉलेजच्या ऑफिसचा द्या, आणि जबाबदार म्हणून असा माणूस धरा जो दहा वर्षं तिथेच असणार आहे. माझं ठाम मत, तो एचओडी नसतो, लॅब असिस्टंट असतो. त्यांनाच परीक्षेला बसवा, बारा वर्षांवरच्या कोणालाही बसता येतं. आवक-जावकची एक वही त्यांच्याच टेबलावर ठेवा.

माझा अनुभव जुना आहे हं. आता अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन होतात, नियमही बदललेले असतील, तेव्हा सध्याचं काय ते स्वतः वाचून घे, माझ्यावर विसंबू नकोस.

आता राहवत नाही म्हणून गच्चीचं थोडं. वीस मीटर साधी, बारीक आरजी-५८ केबल टाकलीत तर ४३७ मेगाहर्ट्झला (असे छोटे उपग्रह बरेचदा इथेच आसपास बोलतात) चौथाई सिग्नलसुद्धा खाली पोचत नाही, त्यामुळे पैसे अँटेनापेक्षा जाड केबलवर आणि वर अँटेनापाशी बसवायच्या एलएनएवर (क्षीण सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) घाला. आणि आपली खारी हवा! आमचा कनेक्टर पहिल्या पावसाळ्यानंतर उघडला तर आत हिरवी पूड आणि केबल तिरकी केल्यावर चक्क पाणी ठिबकलं. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून गुंडाळा, आणि केबल खोलीत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. माकडं यागीला लोंबकळतात, त्यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही, दोन काड्या जास्तीच्या करून ठेवा. अर्थिंग मात्र वळवाच्या आधीच करा, विजांची वाट बघू नका.

तोवर परवानगीसाठी हातावर हात धरून बसू नका, स्पेस स्टेशनच्या १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकायची सवय करा. पास दहाएक मिनिटांचाच असतो, अँटेना हाताने फिरवायला शिकायला तेच बरं. ४३७ ला डॉप्लरमुळे, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झपर्यंत सरकते, ते नंतर.

गच्ची स्लॅबची आहे की वर पत्रे टाकलेत ते लिहिलं नाहीस. ते सांग, आणि दादाला आजच विचार अर्जावर पत्ता कुठला टाकलाय.