वाचकांचे प्रश्न : राजाच्या अंमलापासून राज्यघटनेपर्यंत

प्रश्न : आपण 15 ऑगस्ट 1947 रोजी स्वतंत्र झालो आणि 26 जानेवारी 1950 रोजी आपली राज्यघटना अमलात आली. मधल्या काळात 1935 च्या कायद्यात फेरबदल करून कारभार चालला, हे ठाऊक आहे. अमेरिकेने मात्र 4 जुलै 1776 रोजी स्वातंत्र्य जाहीर केले आणि पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली ती 30 एप्रिल 1789 रोजी. या जवळजवळ तेरा वर्षांत तिथे राज्य कोणाचे होते?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : राज्य एकाचे नव्हते, तेरा राज्यांचे, म्हणजे आधीच्या तेरा ब्रिटिश वसाहतींचे होते. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते, कारण स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सवय या वसाहतींना स्वातंत्र्याच्या फार आधीपासून होती. व्हर्जिनियात लोकनियुक्त सभा 1619 साली प्रथम भरली, आणि कर बसवायचा तो अशा सभांनीच, ही रीत हळूहळू सर्वत्र रुजली. फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध 1763 साली संपले तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेले होते, आणि अमेरिकेत ठेवलेल्या फौजेच्या खर्चाचा काही भाग तिथूनच निघावा म्हणून पार्लमेंटने 1765 साली मुद्रांक कायदा करून दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रे, इतकेच काय पण खेळायच्या पत्त्यांवरही कर लादला. पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. विरोध एवढा पेटला की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. पण तो मागे घेतानाच पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींसाठी कोणताही कायदा करण्याचा आपला अधिकार अबाधित असल्याचे बजावले. भांडण रकमेचे नसून अधिकाराचे आहे, हे त्यातून उघड झाले.

बोस्टन बंदरात 16 डिसेंबर 1773 रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या पाण्यात फेकल्या गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. (तो चहा चीनचा होता, आसामचे मळे फार पुढचे.) शिक्षा म्हणून पार्लमेंटने बोस्टन बंदर बंद केले आणि बोस्टन ज्या वसाहतीत होते त्या मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतील अधिकार छाटले, तेव्हा सप्टेंबर 1774 मध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले. त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला जिंकून घेतला, ज्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. आपण दोन स्वतंत्र इतिहास म्हणून वाचतो त्या या घटना एकाच वर्षातल्या आहेत, हे ठाणेकरांनी तरी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

एप्रिल 1775 मध्ये लढाईला तोंड फुटले. मे 1776 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापूर्वीच, वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे काँग्रेसने, वसाहतींना राजाच्या अंमलाबाहेरची सरकारे स्थापन करण्यास सांगितले. बहुतेकांनी नव्या राज्यघटना लिहिल्या. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड यांनी राजाचा संबंध तोडून जुन्या सनदाच चालू ठेवल्या. पण या घटना बहुतांशी त्या त्या विधिमंडळांनीच तयार केल्या होत्या, आणि येथे एक मूलभूत शंका उभी राहिली. मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कॉर्ड या लहानशा गावाच्या सभेने ऑक्टोबर 1776 मध्ये ठराव केला की घटना करणे हे विधिमंडळाचे काम नव्हे. घटना सरकारपासून लोकांचे रक्षण करण्यासाठी असते, आणि जी विधिमंडळ करू शकते ती ते बदलूही शकेल, मग रक्षण कसले, असा त्या गावकऱ्यांचा रोकडा युक्तिवाद होता. 1778 साली विधिमंडळाने तयार केलेला मसुदा गावोगावच्या सभांनी फेटाळला. मग केवळ घटनेसाठी वेगळी परिषद निवडण्यात आली, मुख्यतः जॉन ॲडम्स यांनी लिहिलेला मसुदा पुन्हा गावसभांपुढे ठेवण्यात आला आणि 1780 साली तो संमत झाला. माझ्या मते 1776 ते 1789 या काळातील सर्वांत महत्त्वाची घडामोड हीच आहे, रणांगणावरील कोणत्याही विजयापेक्षा. दुरुस्त्यांसह ती राज्यघटना आजही लागू आहे.

तेरा राज्यांना जोडणारा दस्तऐवज म्हणजे परिसंघाची (राज्यांच्या सैलसर संघाची) कलमे. काँग्रेसने ती नोव्हेंबर 1777 मध्ये मंजूर केली, पण पश्चिमेकडील जमिनींच्या वादामुळे मेरीलँडने संमती अडवून धरली आणि ती 1 मार्च 1781 रोजी अमलात आली. एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत, राष्ट्राध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही आणि कर बसवण्याचा अधिकार तर नाहीच. काँग्रेसने राज्यांकडे पैसे मागायचे आणि ते येण्याची वाट पाहायची. आयात मालावर पाच टक्के जकातीचा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडने 1782 साली नाकारला आणि तो बारगळला, कारण दुरुस्तीसाठी तेराही राज्यांची संमती लागे. युद्ध संपवण्यासाठी ब्रिटनशी झालेल्या तहावर शिक्कामोर्तब करायलासुद्धा जानेवारी 1784 पर्यंत त्यासाठी लागणारे नऊ राज्यांचे प्रतिनिधी जमता जमेनात. 1786 च्या ऑगस्टअखेरपासून कर आणि कर्ज यांनी गांजलेल्या पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली. त्यांत युद्धात लढलेले अनेक सैनिक होते. तो उठाव मोडण्यासाठी काँग्रेस काहीच करू शकली नाही. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या पैशांवर राज्याने फौज उभी केली.

त्यानंतर 25 मे ते 17 सप्टेंबर 1787 या काळात फिलाडेल्फियात जी परिषद भरली, तिला परिसंघाची कलमे सुधारण्यापुरताच अधिकार होता. बंद दाराआड तिने पूर्णपणे नवी घटना लिहिली. हा अधिकारभंगच होता, असे माझे मत आहे. परंतु तो धुऊन काढण्यासाठी परिषदेने मॅसॅच्युसेट्सचा मार्ग धरला आणि संमती राज्यांच्या विधिमंडळांकडे न मागता, त्यासाठीच निवडलेल्या परिषदांकडे मागितली. नऊ राज्ये पुरेत, असेही ठरवले. निकाल आधीच लागलेला नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये 187 विरुद्ध 168 आणि न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27, अशा निसटत्या बहुमताने घटना तरली. नववे राज्य न्यू हॅम्पशायर, 21 जून 1788 रोजी. नागरिकांच्या हक्कांची हमी द्या, या अनेक परिषदांच्या आग्रहातूनच 1791 साली पहिल्या दहा दुरुस्त्या झाल्या. आपली संविधान सभा मुख्यतः प्रांतिक विधिमंडळांनी निवडली होती आणि तिने स्वीकारलेली घटना नंतर राज्यांपुढे संमतीसाठी गेली नाही. तुम्ही केलेल्या तुलनेतील मोठा फरक माझ्या दृष्टीने वर्षांचा नसून हा आहे.

प्रश्न : सर्व माणसे समान आहेत असे जाहीर करणाऱ्यांच्या घटनेत गुलामगिरी कशी राहिली?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : दक्षिणेतील राज्ये, विशेषतः साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया, त्याशिवाय संघराज्यात यायला तयार नव्हती, आणि बाकीच्यांनी ती किंमत मोजली. लोकप्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरायची, गुलामांची आयात 1808 पूर्वी बंद करायची नाही आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत करायचा, या तिन्ही गोष्टी घटनेत लिहिल्या गेल्या. ज्यांना मत नव्हते त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांच्या राज्यांना जादा जागा मिळाल्या.

त्या काळी सर्वांना हे स्वाभाविकच वाटत होते, असे म्हणून मात्र हा विषय मिटवता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील शेफील्ड गावी जॉन ॲशली यांच्या घरी 1773 साली मानवी समतेचा ठराव लिहिला गेला, आणि त्याच घरात बेट नावाची एक स्त्री गुलाम होती. राज्याच्या 1780 च्या घटनेत सर्व माणसे मुक्त आणि समान जन्मतात असे म्हटले असेल तर मीही मुक्त आहे, असा दावा तिने ब्रॉम नावाच्या दुसऱ्या गुलामासह न्यायालयात लावला आणि 1781 साली तो जिंकला. पुढे तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले आणि ॲशलींकडे न परतता आपल्या वकिलाच्या घरी पगारावर काम केले. 1790 च्या पहिल्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. संपूर्ण देशात त्या वेळी सुमारे 39 लाख लोकसंख्येपैकी जवळपास 7 लाख माणसे गुलाम होती. घटनेने त्यांना मुक्त केले ते यादवी युद्धानंतर, डिसेंबर 1865 मधील तेराव्या दुरुस्तीने.