चिमुकल्या पऱ्या आणि उडून जाणारे रंग

अंगठ्याएवढी परी, बोटभर लांबीचा ड्रॅगन, उंच टोपीतला जादूगार. अशी पात्रं जलरंगात रंगवणाऱ्यांचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतल्या सहांची उत्तरं इथे देते.

इतक्या लहान चित्राला कागद कोणता?

शंभर टक्के सुती, ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), हॉटप्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा.

चेहरा जेमतेम नखाएवढा असतो. म्हणून तीन शून्यांचा ब्रश घेतला, तरी रेष मध्येच तुटते.

ब्रश बारीक आहे म्हणूनच तुटते. एवढ्याशा केसांत पाणी राहत नाही, रेष पुरी व्हायच्या आत रंग वाळतो. दोन नंबरचा गोल ब्रश घ्या. घेताना पाण्यात बुडवून एक झटका द्या. टोक आपोआप जुळलं नाही तर तो ब्रश परत ठेवा. 'मिनिएचर'च्या नावाखाली डझनभर ब्रशांचा संच गळ्यात मारतात, त्यातले दोनही कामाचे नसतात.

परीचा चेहरा दरवेळी मळकट होतो.

पहिला थर अगदी पातळ द्या, चेहरा, मान, हात एका दमात. मग थांबा. बोटांची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर आत अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावर केसांखाली, डोळ्यांच्या खोबणीत आणि हनुवटीखाली पातळ जांभळट छटा टेकवा आणि हात उचला. डोळ्यांना दोन ठिपके पुरतात. जलरंगातला डिंक वाळल्यावरही पाण्यात विरघळतो, त्यामुळे घासत राहिलात की खालचा थर सुटून वर मिसळतो. तरीही जमलं नाही तर चित्राबरोबर पॅलेटही जाणकार शिक्षकांना दाखवा. चिखल बऱ्याचदा तिथेच झालेला असतो.

पंखांना झगझगीत गुलाबी वापरला. 'आर्टिस्ट दर्जाचा आहे, उडणार नाही' असं विक्रेत्याने सांगितलं होतं. सहा महिन्यांत भिंतीवर फिका पडला. वार्निश मारलं तर टिकेल का?

या प्रश्नाला थोडक्यात उत्तर देणं मला जमत नाही, कारण गफलत कळते तोवर चित्र गेलेलं असतं.

त्या गुलाबीत सहसा पीआर १२२ हे रंगद्रव्य असतं आणि जोडीला फ्लुरोसंट डाय, म्हणजे झगझगणारा रंजक. रंगद्रव्य बऱ्यापैकी टिकतं. डोळे दिपवणारी झळाळी डायची असते आणि उजेडात तोच आधी जातो. 'आर्टिस्ट' हा शब्द टिकाऊपणाची हमी नाही. नळीवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक असतो, तो वाचा. क्रमांकच नसेल तर ती नळी घेऊ नका. पीआर ८३, म्हणजे अलिझारिन क्रिमसन, उडतो हे जगजाहीर असूनही विकला जातो. त्याऐवजी पीव्ही १९ चा गुलाबी घ्या. झळाळी कमी, पण राहतो.

आपल्या कामात धोका दुप्पट. पंख पारदर्शक दिसावेत म्हणून आपण रंग पाण्यासारखा पातळ करतो आणि पातळ थर जाड थरापेक्षा लवकर फिका पडतो. ही काही नवी माहिती नाही. जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो, याचा रसेल आणि अॅब्नी या शास्त्रज्ञांचा अहवाल ब्रिटनमध्ये १८८८ साली आला. तरी आजही लोक ऐकीव गोष्टींवर रंग घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

घरी तपासा. प्रत्येक रंगाची पट्टी ओढा, जाडपासून पातळपर्यंत. अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत लावा, तीन महिन्यांनी पुठ्ठा काढा. फरक दिसला तर तो रंग फक्त वहीत वापरायचा.

वार्निशने गेलेला रंग परत येत नाही, उलट ते कागदात मुरलं की काढता येत नाही. अतिनील किरण अडवणारी काच रंग उडण्याचा वेग कमी करते, थांबवत नाही. चित्र तूर्त भिंतीवरून उतरवा. विकण्यासाठी रंगवत असाल तर कंपनीचा टिकाऊपणाचा तक्ता आधी पाहा आणि शंका राहिली तर कागदावरच्या चित्रांची जपणूक-दुरुस्ती करणाऱ्या संवर्धकांना विचारा.

टोक काढायला ब्रश ओठांत धरते. चालेल ना?

नाही. आजपासून बंद. काही पिवळ्या-लाल रंगांत कॅडमियम असतं, काही निळ्यांत कोबाल्ट. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगवणाऱ्या कामगार मुलींनाही ब्रशचं टोक ओठांनी काढायला शिकवलं होतं. अनेकींचे जबडे सडले. तुमचा रंग रेडियमचा नाही, सवय मात्र तीच आहे. टोक ओल्या फडक्यावर काढा. ही सवय बरीच वर्षं असेल तर रंगांची नावं लिहून घेऊन डॉक्टरांना भेटा.

जुन्या चित्रावर तपकिरी ठिपके आलेत. लिंबाने जातात म्हणे?

लिंबू, ब्लीच, खोडरबर, काहीही लावू नका. चित्र कोरड्या जागी, वेगळं ठेवा आणि याच आठवड्यात संवर्धकांकडे न्या.