एका कानाने ऐकू येईनासे झाल्यावर मेंदू जुळवून घेतो का?

उजवा कान गेल्यापासून ठाण्यात गोखले रोड ओलांडताना रिक्षाचा हॉर्न कुठून आला हे वडिलांना उमगत नाही, मेंदू हे शिकेल का, असे आपण विचारले आहे.

प्रत्येक कानातील आवाज मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोहोचतो, पण विरुद्ध बाजूला अधिक जोरकसपणे. एक कान बंद पडल्यावर ही तफावत हळूहळू कमी होते आणि चांगल्या कानाच्याच बाजूचा श्रवणभाग पूर्वीपेक्षा जास्त प्रतिसाद देऊ लागतो. दिशा ओळखणे मात्र खरोखर अवघड असते, कारण डावी-उजवी बाजू मुख्यतः दोन्ही कानांतील आवाजाच्या तीव्रतेच्या आणि वेळेच्या फरकावरून (जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद) ठरते, आणि तुलनेसाठी दुसरा कानच उरलेला नसतो. तरीही बाह्यकर्णाच्या घड्यांमुळे आवाजात होणारे बारीक बदल काही जणांचा मेंदू सरावाने वाचू लागतो. सर्वांना ते सारखे जमत नाही. लहान मुलांबाबत तर उपचारासाठी अजिबात थांबू नये, कारण मेंदू एकाच कानाकडे झुकला की दुसऱ्या कानात नंतर बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा (श्रवणतंतूला थेट विद्युत संकेत देणाऱ्या, शस्त्रक्रियेने बसवायच्या यंत्राचा) लाभ कमी होतो.

वाहने आधी उजवीकडूनच येतात, म्हणून वडिलांनी आवाजावर न विसंबता मान वळवून पाहावे. ऐकणे अचानक गेले असेल, तर आजच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक होतो.